यशस्वी कंपन्यांचे धडे आणि आपली उधारीची वही

काजूवाला_दिचोली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

नवउद्योजकांच्या कार्यक्रमाला गेलं की ठरलेली नावं कानावर पडतात. ॲपल, ॲमेझॉन, टोयोटा, झालंच तर आपलं डीमार्ट. वाक्यंही ठरलेली: ग्राहक हाच राजा, स्वप्न मोठं बघा, अपयशाला घाबरू नका. ऐकायला बरं वाटतं, पण घरी आल्यावर त्यातलं उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. ग्राहकाला राजा म्हणणारे बुडालेल्यांतही पुष्कळ होते.

माझं म्हणणं जरा रुक्ष आहे. या कंपन्यांचा अभ्यास करायचाच असेल तर आधी दोन तारखा बघाव्यात. गिऱ्हाइकाचा पैसा हातात कधी येतो आणि पुरवठादाराला, कामगाराला, घरमालकाला तो कधी द्यावा लागतो. बाकीचं धोरण पुष्कळदा या दोन तारखांमधल्या अंतरातून निघालेलं दिसतं.

डेल घ्या. मायकल डेलने 1984 मध्ये कॉलेजच्या खोलीत कंपनी काढली, तेव्हा त्याच्याकडे दुकानं भरायला पैसा नव्हता. म्हणून आधी ऑर्डर, आधी पैसे, मग संगणकाची जोडणी. सुट्या भागांचे पैसे पुरवठादाराला नंतर जायचे. कंपनी वाढत गेली तसा गिऱ्हाइकाचाच पैसा भांडवल म्हणून फिरत राहिला. शिवाय संगणकाचे भाग दर महिन्याला स्वस्त होत होते, त्यामुळे ज्याच्याकडे साठा पडून त्याचं नुकसान. डेलकडे साठा जवळजवळ नव्हताच.

अमेरिकेतलं कॉस्टको त्याहून मजेशीर. आत शिरायलाच वर्षाची वर्गणी भरावी लागते, 2024 पासून साधी वर्गणी 65 डॉलर. मालावरचा नफा त्यांनी मुद्दाम 14-15 टक्क्यांवर अडवून ठेवलाय, आणि मोठ्या सुपरमार्केटात तीस-तीस हजार प्रकार असतात तिथे हे साधारण चार हजारच ठेवतात. 2024 च्या आर्थिक वर्षात वर्गणीचे सुमारे 4.8 अब्ज डॉलर आले आणि निव्वळ नफा होता सुमारे 7.4 अब्ज. म्हणजे दुकान चालवायचं ते माणसाने पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी भरावी म्हणून. दीड डॉलरचा हॉटडॉग 1985 पासून दीड डॉलरलाच का, याचं उत्तर त्यात आहे.

आता आमचा गोव्यातला काजूचा धंदा बघा. काजूची बी मार्च ते मे या काळात येते. बागायतदार रोख मागतो, आणि त्याचं बरोबरच आहे, कारण दारात दुसरा दलाल उभा असतो. वर्षभराची बी तेव्हाच घेऊन ठेवायची. अंगणात वाळवायची, पोती गोदामात लावायची, मग लागेल तशी उकडायची, फोडायची, भट्टीत सुकवायची, साल काढायची, प्रत लावायची. चार-पाच किलो बीतून एक किलो गर पडतो. विक्रीचा जोर दिवाळी ते नवीन वर्ष. एप्रिलात दिलेला रुपया डिसेंबरात माल होऊन हॉटेलात जातो, आणि हॉटेलवाला त्याचे पैसे मार्चमध्ये देतो, तोवर पुढची बी आलेली असते. सीसीवर (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर) दहा-अकरा टक्के व्याज धरा. शंभराच्या बीमागे नऊ-दहा रुपये बँकच नेते, आणि सगळे विचारतात ब्रँडिंग काय करतोस.

तुमच्या धंद्यात या दोन तारखा कुठे आहेत? आणि कुठल्या मोठ्या कंपनीकडे बघून तुम्ही त्या हलवल्यात? जाणकारांनी लिहावं.

---

चकटफू

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी वाचतो.

---

अर्धा_सीए

बाडीस, म्हणजे एकदम सहमत. आमच्या भाषेत याला कॅश कन्व्हर्जन सायकल म्हणतात: माल पडून राहण्याचे दिवस, अधिक उधारी वसूल व्हायचे दिवस, वजा आपण देणं लांबवतो ते दिवस. काजूवाले बाब, तुमचा आकडा सव्वातीनशेच्या आसपास जातो. डेलचा शून्याखाली होता.

पण हे वाचून कुणी "पुरवठादाराला रखडवा" एवढाच बोध घेऊ नये. डीमार्टने नेमकं उलट केलं. राधाकिशन दमाणींनी 2002 मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं, तेव्हा बाजारात महिना-दीड महिना उधारीची पद्धत होती. हे आठवडा-दहा दिवसांत पैसे द्यायला लागले. पुरवठादाराला रोकड लवकर मिळाली की तो भावात सूट देतो आणि माल तुटवड्याचा असला तर आधी यांच्याकडे पाठवतो. ती सूट गिऱ्हाइकाला दिली, माल साधारण महिन्यात फिरायला लागला. जागाही बहुतेक ठिकाणी स्वतःच्या, त्यामुळे भाडेवाढीची कटकट नाही. याची किंमत म्हणजे दुकानं फार सावकाश वाढली. बाकीचे मॉलमध्ये धडाधड दुकानं काढत होते तेव्हा हे जमिनी शोधत होते. 2017 मध्ये 299 रुपयांना शेअर आणला, तो नोंदला गेला त्या दिवशीच दुप्पट भावाने उघडला.

म्हणजे देणं लांबवणं हे धोरण होऊ शकतं तसं लवकर देणंही होऊ शकतं. फक्त लवकर देण्याच्या बदल्यात काहीतरी पदरात पडलं पाहिजे. आपल्याकडे लवकर देणारा "भला माणूस" म्हणून नावाजला जातो आणि भाव मात्र तोच लावतात.

---

घुमट

थोडा विरोधी सूर लावतो. धागा चांगला आहे, पण डेलचं पुढचं पान सांगितलंच नाहीत. लोक लॅपटॉप दुकानात हाताळून घ्यायला लागले, मग सगळं मोबाइलवर गेलं, आणि 2013 मध्ये कंपनीला शेअर बाजारातून बाहेर पडून घर दुरुस्त करावं लागलं. रोकडचक्र तेव्हाही वाईट नव्हतं. गिऱ्हाइकाला हवी ती वस्तूच तुमच्याकडे नसेल तर आगाऊ पैसे देणार कोण?

आणि यशस्वी कंपन्यांवरून नियम काढायचा हा प्रकारच मला खटकतो. आधी ऑर्डर घेऊन नंतर माल बनवणाऱ्या किती कंपन्या बुडाल्या ते कुणी मोजत नाही, कारण त्यांच्यावर कुणी भाषणं देत नाही.

---

काजूवाला_दिचोली

@घुमट, मान्य. वस्तूच चालत नसेल तर तारखा हलवून काही होत नाही. माझा मुद्दा त्याच्या नंतरचा आहे. गोव्याच्या काजूगराला गिऱ्हाईक आहे, जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पर्यटक पिशव्या भरभरून नेतात. तरी छोटा कारखानदार दर पावसाळ्यात बँकेच्या दारात का उभा असतो? तिथे वस्तूला दोष देता येत नाही.

बुडालेल्यांची मोजदाद करायची हे मात्र एकदम मान्य. टाका उदाहरणं.

---

मांडवीकाठ

मग हे घ्या, आणि हे आपल्या दारातलं आहे. ब्रिटनची थॉमस कुक. 1841 पासूनची कंपनी, 23 सप्टेंबर 2019 ला एका रात्रीत बंद पडली. (भारतातली थॉमस कुक वेगळी, तिची मालकी 2012 मध्येच दुसरीकडे गेली होती.) गोव्याचा हंगाम उघडायला जेमतेम आठवडा राहिला होता आणि त्यांची गॅटविक नि मँचेस्टरहून येणारी विमानं आलीच नाहीत.

कागदावर त्यांचं चक्र डेलसारखंच देखणं. ब्रिटिश गिऱ्हाईक जानेवारी-फेब्रुवारीत सुट्टीचे पैसे भरायचं, आणि हॉटेलवाल्याला पैसे जायचे पाहुणा राहून गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी. मधला सगळा काळ पैसा कंपनीच्या खिशात. पण तो पैसा कर्जाचं व्याज नि जुनी देणी भागवण्यात जात होता. उन्हाळा संपला की देणी एकदम अंगावर यायची, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांचा दरवर्षीचा कठीण काळ. त्या वर्षी कुणी उसने दिले नाहीत. जगभरची हॉटेलं बिलं हातात धरून बसली.

मी हॉटेल क्षेत्रात हिशेब सांभाळतो. आगाऊ आलेला पैसा आपला असतो असं मानणारा मालक दिसला की मला धडकी भरते. आमच्याकडे ख्रिसमसची आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात पडते आणि पाहुणा चेक-इन झाल्यावरच चालू खात्यात येते. मालकाला तो नियम अजिबात आवडत नाही, पण सही माझी लागते.

---

अर्धा_सीए

@मांडवीकाठ, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे. ताळेबंदात आगाऊ रक्कम देण्याच्या बाजूला लिहितात ती उगाच नाही.

---

पर्वरीची_माई

माझं को-वर्किंग आहे, म्हणजे कामाला बसायला खुर्च्या भाड्याने देते. सगळे मला याच धंद्यातल्या अमेरिकेच्या वीवर्कचं उदाहरण देतात म्हणून वीवर्कबद्दल वाचलं, आणि काय करायचं नाही ते नीट कळलं. त्यांनी जागा दहा-पंधरा वर्षांच्या कराराने घेतल्या आणि लोकांना महिन्याच्या बोलीवर दिल्या. बाजार चढा असेपर्यंत सगळं गोड. 2019 मध्ये शेअर विक्री मागे घ्यावी लागली, नोव्हेंबर 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. मधल्या काळात करोनामुळे माणसं घरी बसली आणि भाडं मात्र चालूच होतं.

गोव्यात हे जास्त लागू. इथे लॅपटॉप घेऊन येणारी मुलं नोव्हेंबर ते मार्च असतात, जूनमध्ये खुर्च्या रिकाम्या आणि हवेत बुरशी. घरमालकाला मात्र बाराही महिने सारखंच भाडं हवं. मी आमच्या घरमालक काकांशी असं ठरवलं: ठरावीक भाडं कमी, आणि भरलेल्या खुर्च्यांवर त्यांचा वाटा. हंगामात त्यांना बाजारभावापेक्षा जास्त मिळतं, पावसाळ्यात कमी. करार लिहायला वकिलालाही वेळ लागला, कारण त्याच्याकडे असा नमुनाच नव्हता. काका आता अधूनमधून येऊन खुर्च्या मोजून जातात. त्यांनी स्वतः दोन गिऱ्हाइकंही आणून दिली.

---

कुळागरी

मोठ्या कंपन्या कशाला, दिचोली-साखळीला राहणाऱ्यांनी खाणी बघितल्या की पुरे. 2012 मध्ये सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. पुढे परवानगी मिळाली, आणि 2018 च्या फेब्रुवारीत 88 लीज एका निकालात रद्द. गावागावांत टिप्पर (खनिज वाहणारे ट्रक) उभे राहिले. एकच गिऱ्हाईक, एकच माल, आणि प्रत्येक टिप्परवर बँकेचा हप्ता. हप्त्याची तारीख न्यायालयाची तारीख बघत नाही. शेवटी सरकारला कर्जसवलतीची योजना आणावी लागली.

त्याच धंद्यातल्या धेंपो समूहाने आपला खाण व्यवसाय जून 2009 मध्ये सेसा गोवाला 1,750 कोटींना विकला. बंदीच्या तीन वर्षं आधी. चीनची खनिजाला तेव्हा मागणी होती.

---

घुमट

धेंपोंचं उदाहरण मला नशिबाचं वाटतं. 2012 ला बंदी येणार हे 2009 मध्ये कुणाला ठाऊक होतं?

---

कुळागरी

बंदी ठाऊक नसेल. पण मागणी असताना रोकड हातात घेणं आणि पुढचा धोका दुसऱ्याच्या खांद्यावर देणं याला मी नशीब म्हणणार नाही. टिप्परवाल्याला ती सोय नव्हती हेही खरं. त्याने विकायचं म्हटलं तर घेणारा शेजारचा टिप्परवालाच.

---

तिळारी

विमान कंपन्यांवर कुणी बोललं नाही अजून? किंगफिशर 2005 मध्ये सुरू झाली, इंडिगो 2006 मध्ये. आकाश तेच, इंधन तेच, तिकिटाचे आगाऊ पैसे दोघांनाही मिळायचे. म्हणजे धाग्यातला पहिला मुद्दा दोघांकडे सारखाच होता. फरक खर्चाच्या बाजूला. इंडिगोने उडायच्या आधीच, 2005 मध्ये, एकाच जातीची शंभर एअरबस ए320 विमानं नोंदवली. एवढी एकदम घेतल्यावर भाव खाली येणारच. मग विमान हातात आलं की भाडेपट्टा कंपनीला विकायचं आणि तेच भाड्याने वापरायचं. पैसा अडकत नाही. एकच जात म्हणजे वैमानिक, तंत्रज्ञ, सुटे भाग सगळे सामायिक. जेवण-वर्तमानपत्रं वगैरे लाड नाहीत.

किंगफिशरने लाड केले, वर तोट्यातली एअर डेक्कन विकत घेतली, 2008 मध्ये लंडनची फेरी सुरू केली, आणि शेवटी अशी वेळ आली की तेल कंपन्या रोख दिल्याशिवाय इंधन घालेनात. ऑक्टोबर 2012 ला सगळी विमानं जमिनीवर. किंगफिशरच्या विजय मल्ल्यांचा कांदोळीचा तो बंगला बँकांनी लिलावात किती वेळा काढला हे इथल्यांना सांगायला नको. 2017 मध्ये कुठे गिऱ्हाईक मिळालं.

---

चकटफू

वाचलं सगळं. @तिळारी, पण इंडिगोचं डिसेंबर 2025? वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आल्यावर हजारो उड्डाणं रद्द झाली. दाबोळी आणि मोपा, गोव्याच्या दोन्ही विमानतळांवर लोक बॅगांवर बसून होते. काटकसर इतकी ताणली की नियमाने एक हिसका दिल्यावर तुटली. हाही धडाच ना?

---

तिळारी

आहे. आणि त्यावर टोयोटाचं बघण्यासारखं आहे. लोक टोयोटा म्हटलं की "साठा शून्य" एवढंच पाठ करतात. ते आलं कुठून? 1950 च्या सुमारास टोयोटा बुडायच्या बेतात होती. न विकलेल्या गाड्या पडून, विकलेल्यांचे हप्ते थकलेले, कामगारकपात, संप, संस्थापक किइचिरो टोयोडांचा राजीनामा. बँकांनी पैसे दिले पण विक्रीची कंपनी वेगळी करायला लावली. विकेल तेवढंच बनवायचं हे शहाणपण त्या दिवसांत पोटाला चिमटा बसल्यावर पक्कं झालं. म्हणजे मूळ पुन्हा तुमच्या रोकडीत.

पण 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर त्याच टोयोटाने अडचणीचे भाग शोधून काढले आणि पुरवठादारांना चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. 2021 मध्ये चिपची टंचाई आली तेव्हा बाकीचे कारखाने थांबत होते आणि हे बरेच महिने तगले. जिथे तुटलं तर सगळंच थांबेल तिथे साठा, बाकी ठिकाणी नाही.

---

साखळीची_सून

एवढ्या मोठ्या नावांत माझं लिहू की नको असं वाटत होतं. आमचा बायकांचा गट चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्या (करंज्या), लाडू, चकल्या करतो. पूर्वी माल करून बाजारात मांडायचो, उरलेलं आपसांत वाटून खायचो. आता श्रावण लागला की व्हॉट्सॲपवर यादी फिरते आणि अर्धे पैसे आधी. त्या पैशांत रवा, तूप, खोबरं, पीठ येतं. यादी आठ दिवस आधी बंद, मग ओळखीचं असो नाहीतर कुणी असो. पहिल्या वर्षी एक-दोघी रुसल्या, "घरच्यांकडून आगाऊ घेता?" म्हणून. नंतर त्याच यादी उघडायच्या आत विचारायला लागल्या.

अडचण वेगळीच आहे. गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचंही यायला लागलंय आणि काही जणी म्हणतात की आता वर्षभर करू, दुकान घेऊ. मला भीती वाटते. चवथीला आगाऊ देणारी बाई फेब्रुवारीत देईल का?

---

काजूवाला_दिचोली

@साखळीची_सून, वहिनी, तुमचं लिहिणं या धाग्यातलं सर्वांत उपयोगी. तुम्ही डेल आहात, फक्त तुपात. दुकान घेतलंत की रोजचं भाडं आणि शिळा होणारा माल, दोन्ही तारखा उलट्या होतील. त्याऐवजी दिवाळी, नाताळ, शिगमो अशा याद्या काढून बघा. नाताळला नेवऱ्या आमचे ख्रिस्ती शेजारीही करतात, पण वेळ नसलेली घरं वाढलीत. यादी भरली नाही तर नुकसान काहीच नाही.

मीही यंदा तेच करतोय. डब्ल्यू-240 आणि डब्ल्यू-320 या प्रतींच्या काजूगराचे एक किलोचे डबे, मे महिन्यात पूर्ण पैसे भरणाऱ्याला भावात सात टक्के सूट, माल ऑक्टोबर ते डिसेंबर तीन हप्त्यांत घरपोच. हॉटेलवाल्याचे पैसे मार्चमध्ये येईपर्यंत बँक जे व्याज नेते त्यापेक्षा हे सात टक्के कमीच आहेत. मांडवीकाठांचं वाचून एक बदल केला: या पैशातून फक्त बी घ्यायची, यंत्राचा हप्ता नाही.

---

अर्धा_सीए

@काजूवाले बाब, हॉटेलांच्या उधारीचंही काही करा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने लेखी करार नसताना 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. 2024 पासून आयकरातल्या एका नियमामुळे (जुन्या कायद्यात तो 43बी(एच) होता) हॉटेलवाल्याला थकवलेल्या बिलाची वजावट त्या वर्षी मिळत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि फेब्रुवारीत त्यांच्या हिशेबनीसाला, मालकाला नव्हे, थकबाकीचा तक्ता पाठवा. मार्चअखेरची धास्ती त्यालाच असते. मोठ्या साखळी हॉटेलांची उलाढाल 250 कोटींवर असेल तर त्यांना ट्रेड्सवर (लहान उद्योगांची बिलं वटवणारी ऑनलाइन व्यवस्था) नोंदणी सक्तीची आहे. त्यांनी तिथे तुमचं बिल मंजूर केलं की बँक तुम्हाला सवलत कापून पैसे देते, वसुली ती हॉटेलकडून करते.

---

मांडवीकाठ

फेब्रुवारीतला तक्ता खरंच चालतो. माझ्या टेबलावर असे तक्ते येतात, आणि त्यांची बिलं मी वर ठेवतो.

---

घुमट

हे 45 दिवसांचं नुसत्या विक्रेत्यालाही लागू आहे का? माझ्या भावाचं म्हापशात दुकान आहे, तोही हॉटेलांना काजू-मसाले देतो, पण स्वतः बनवत काही नाही.

---

अर्धा_सीए

नाही. व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिराच्या पैशांचं संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना. तुमच्या भावाने मसाला स्वतः कुटून, दळून, पाकिटं भरून विकला तर चित्र बदलेल. आधी त्याच्या प्रमाणपत्रावर व्यवसायाचा प्रकार काय लिहिलाय ते बघा आणि इथे टाका, मग सांगतो.